संगणकावरील संगीतरचना आणि मुलांची उपज

शाळेतील संगणकाचा संगीताच्या तासाला काय उपयोग करावा, अशी विचारणा शिक्षकबंधुभगिनींकडून वारंवार होत असते. आजची स्थिती अशी आहे की, संगणकावर तयार गाणे लावावे, ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवावा आणि मुलांनी त्या तालावर हातवारे करावेत, येथवर येऊन हा उपयोग थांबला आहे. स्नेहसंमेलनाच्या वेळी तर ज्याला ‘ट्रॅक’ म्हणतात तो मिळाला की निम्मे काम झाले असे मानले जाते. ज्याचा गळा गोड आहे ते मूल आणि ज्याच्या बोटांत ताल आहे ते मूल, अशी दोन्ही मुले त्या ट्रॅकबरोबर नुसते ओठ हलवीत उभी असतात. ज्या शाळांत पूर्वी पेटी व ढोलकी वाजत असे, तेथे ती वाद्ये कपाटावर धूळ खात पडलेली शाळाभेटीत दिसतात. याचा दोष संगणकाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु त्याला हे काम आपणच नेमून दिले आहे. त्याला दुसरे काम देता येते. ते कोणते, ते कोठून आले आणि चौथी-पाचवीच्या वर्गात ते कसे करवून घ्यावयाचे, याचे विवेचन पुढे केले आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करू. ध्वनिमुद्रित गाणे वाजविणारा संगणक हा केवळ ग्रामोफोन होय. त्यास संगणक-संगीत म्हणता येणार नाही. रचनाकार जेव्हा स्वर, काल व पुनरावृत्ती यांचे नियम लिहून संगणकाला देतो आणि त्या नियमांबरहुकूम संगणक ध्वनी उत्पन्न करतो, तेव्हा ते संगणक-संगीत झाले. हे नियम जर वादन चालू असतानाच बदलता आले, किंवा यंत्राच्या आवर्तनावर कोणी आयत्या वेळी सुचलेले गायिले-वाजविले, तर आपल्या संगीतात जिला उपज म्हणतात ती तेथे आली.

नियम लिहून संगीत निर्माण करण्याची कल्पना परकी आहे, असे मानण्याचे कारण नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव हा विद्वान होता. राज्याचे हिशेबखाते त्याच्याकडे होते. त्याच्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात सात स्वरांचे क्रम उलटसुलट करून होणाऱ्या सर्व प्रकारांची मोजणी आहे. ती संख्या ५,०४० होते. खंडमेरू नावाच्या कोष्टकावरून अमुक क्रमांकाची तान कोणती, किंवा अमुक तान कितव्या क्रमांकाची, हे सगळी यादी न लिहिता काढता येते. हिशेबनिसाला शोभेल अशीच ही युक्ती आहे! पुढे मेरुखंड या नावाने हा अभ्यास गवयांमध्ये चालत राहिला; मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे तर ते एक वैशिष्ट्यच मानले जाते.

आता भूप रागाचे पाच स्वर घेतले तर त्यांचे १२० क्रम होतात. तीनच स्वर घेतले तर ६. हे सहा क्रम तिसरीतील मूलही फळ्यावर लिहून दाखवील. परंतु १२० क्रम लिहून झाले म्हणजे भूप गाऊन झाला असे कोणी म्हणणार नाही. त्यांतील कोणता क्रम घ्यावा, कोठे थांबावे, कोणता पुन्हा घ्यावा आणि कोणता सोडून द्यावा, हे गाणाऱ्याला त्या क्षणी ठरवावे लागते. यादी करणे आणि निवड करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले काम यंत्र आपल्यापेक्षा फार जलद करते. दुसरे काम शाळेत कोणी करावयाचे, एवढाच या लेखातील खरा प्रश्न आहे.

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने आय. बी. एम. ७०४ या संगणकाकडून ध्वनी निर्माण करवून घेणारी आज्ञावली लिहिली. तिच्यावर झालेली पहिली रचना १७ सेकंदांची होती. त्या काळी संगणक आधी आकडे काढीत बसे आणि मागाहून त्यांचे ध्वनीत रूपांतर करावे लागे. साहजिकच त्याच्या साथीला बसणे अथवा त्याच्याशी सवाल-जवाब करणे यांचा विचारही शक्य नव्हता. यंत्रे जलद झाली, लहान झाली आणि स्वस्त झाली, तेव्हा कोठे ही वाट मोकळी झाली.

आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे काम भारतातच घडले, आणि ते तबल्याच्या निमित्ताने घडले. जेम्स किपेन हे ब्रिटिश संगीत-अभ्यासक १९८० नंतरच्या काही वर्षांत लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. शिकलेले बोल भराभर टिपून ठेवण्याची त्यांना अडचण होती. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञांनी त्यासाठी ॲपल संगणकावर अशी सोय केली की, एक कळ दाबली असता तबल्याचा एक बोल उमटावा. या साध्या टंकलेखनातून ‘बोल प्रोसेसर’ नावाची आज्ञावली वाढत गेली. तिने काय साधले हे समजण्यासाठी कायदा म्हणजे काय ते ठाऊक असले पाहिजे. ज्यांनी तबला शिकलेला नाही अशा शिक्षकांसाठी दिल्ली घराण्याचा अगदी प्रारंभीचा कायदा येथे देतो. तो १६ बोलांचा आहे:

धा धा ति ट । धा धा तू ना । ता ता ति ट । धा धा धी ना

एका मात्रेस एक बोल धरला तर त्रितालाचे एक आवर्तन पूर्ण होते. नवव्या मात्रेस, म्हणजे खालीच्या जागी, ‘धा’चा ‘ता’ झाला आहे. डाव्या हाताची घुमक तेथे नाहीशी होते. तेराव्या मात्रेस ती पुन्हा येते आणि आपल्याला समेकडे घेऊन जाते. आता याचा विस्तार करावयाचा, म्हणजे पलटे रचावयाचे. त्याचे बंधन असे की, कायद्यात नसलेला बोल आणावयाचा नाही, पहिल्या अर्ध्याचा शेवट ‘तू ना’ने व दुसऱ्याचा ‘धी ना’ने करावयाचा, आणि पहिल्या अर्ध्यात जे केले त्याचेच खालीचे रूप दुसऱ्या अर्ध्याच्या आरंभी दाखवावयाचे. उदाहरणार्थ:

धा धा ति ट । धा धा ति ट । धा धा ति ट । धा धा तू ना
ता ता ति ट । ता ता ति ट । धा धा ति ट । धा धा धी ना

हे बत्तीस बोल झाले. दुगुनीत म्हटले की सोळा मात्रांत बसतात. अशा पलट्यांना अंत नाही, आणि तरीही वाटेल ते म्हणजे पलटा नव्हे. उपज म्हणजे मनास येईल ते करणे, असा जो समज आपल्यापैकी पुष्कळांचा आहे तो या एका उदाहरणाने दूर व्हावा.

किपेन व बेल यांनी हे नियम संगणकाला व्याकरणासारखे लिहून दिले. संगणक त्या व्याकरणातून नवनवे पलटे काढी. ते उस्तादांपुढे ठेवले जात आणि उस्ताद सांगत की हा बरोबर, हा नव्हे. नापसंत झालेल्या पलट्यावरून व्याकरणात दुरुस्ती व्हावयाची व पुन्हा नवे पलटे पुढे यावयाचे. यातील मर्म शिक्षकाने विशेष लक्षात घ्यावे. लिहिलेला एकही नियम न मोडता यंत्राने पलटा काढावा आणि तरीही उस्तादांनी मान हलवावी, याचा अर्थ असा की त्यांच्या कानात असा एखादा नियम होता, जो कोणी अद्याप शब्दांत मांडलेला नव्हता. यंत्राच्या चुकीमुळे तो उजेडात आला. आपल्या वर्गातील मुलांच्या चुकांकडेही या दृष्टीने पाहता येईल, पण तो विषय निराळा.

(प्रसंगोपात सांगावेसे वाटते की, हेच बर्नार्ड बेल पुढे पुण्यास हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ यांच्या जात्यावरील ओव्यांच्या संग्रहकार्यात सहभागी झाले. एक लाखाहून अधिक ओव्या त्या संग्रहात आहेत. ठरलेल्या साच्यात आयत्या वेळी ओळ घालण्याची विद्या आपल्या आजींना दळता दळता येत होती, हे त्यावरून कळते.)

बोल प्रोसेसरची कथा लखनौला संपत नाही. ब्रिटनमधील ॲलेक्स मॅक्लीन यांनी ‘टायडल सायकल्स’ नावाची आज्ञावली तयार केली. तिच्यात ताल लिहिण्याची जी आटोपशीर लिपी आहे ती बेल यांच्या लिपीवरून सुचली. तिचे मूलतत्त्व आपल्या मुलांना नवे वाटणार नाही. आवर्तनाचा काल ठरलेला असतो. त्यात चार शब्द लिहिले तर चार आघात होतात, आठ लिहिले तर त्याच काळात आठ, म्हणजे दुगुन. वादक प्रेक्षकांसमोर संगणक घेऊन बसतो, आज्ञा लिहितो, वादन चालू असता त्या बदलतो, आणि त्याने काय लिहिले ते मागच्या पडद्यावर सर्वांना दिसत असते. या प्रकारास ‘लाइव्ह कोडिंग’ म्हणतात. २००४ पासून त्याच्या वादकांची एक आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे. लखनौच्या तबल्यासाठी केलेली लेखनाची सोय अशा रीतीने जगभरच्या रंगमंचांवर पोहोचली.

आता आपल्या अगदी शेजारी पाहू. मुलुंडचा नाका ओलांडला की मुंबई उपनगर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यास जिल्हा परिषद नाही. तेथील प्राथमिक शिक्षण महानगरपालिकेकडे आहे. परंतु आपल्या शिक्षकांपैकी कित्येकजण तेथे राहतात व रोज तेथून ये-जा करतात. या उपनगरांत यंत्र आणि उपज यांची जोडी फार दिवसांपासून नांदते आहे. गणेशोत्सवात घाटकोपर किंवा बोरिवली येथील मिरवणूक ज्यांनी पाहिली असेल त्यांना बँजो पथक ठाऊक असते. विजेवर चालणारा बँजो, कीबोर्ड, ताशा, ढोल आणि ऑक्टोपॅड अशी ही मंडळी. ऑक्टोपॅड म्हणजे आठ चौकटींचे विद्युत्-तालवाद्य. रोलँड या जपानी कंपनीने ते १९८५ साली बाजारात आणले. प्रत्येक चौकटीस हवा तो ध्वनी नेमून देता येतो. पथक पुढे सरकले की मागे राहिले, नाचणाऱ्यांचा जोर वाढला की ओसरला, हे पाहून वादक तेथल्या तेथे चाल बदलतो. तिकडे आरे वसाहतीत व बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत. तारपा वाजविणाऱ्याने सूर बदलला की नाचणाऱ्यांची पावले बदलतात. तेथे यंत्र नाही, पण तत्त्व तेच. पवई येथे भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत, म्हणजे आय. आय. टी.मध्ये, विद्युत् अभियांत्रिकी विभागातील प्राध्यापिका प्रीती राव व त्यांचे विद्यार्थी हिंदुस्थानी गायनातील स्वरांच्या हालचाली व तबल्याचे बोल संगणकाने कसे ओळखावेत याचा अभ्यास करीत आले आहेत. अंधेरीच्या ध्वनिमुद्रणगृहांतून तर सिंथेसायझर हे पेटीइतकेच परिचयाचे वाद्य झाले आहे.

मुंबईच्याच चित्रपटसंगीतातील एका वादकाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. तिचे नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांनी एकत्र जोडली: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाची ओळ फिरवीत राहणारे यंत्र, आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. पहिली दोन यंत्रे आधी नेमून दिलेला नमुना थकल्याविना वाजवीत राहतात. तालयंत्रावर तो नमुना भरण्यासाठी सोळा कळांची ओळ असते. तिसऱ्या यंत्रावर चरणजित सिंग यांनी भैरव, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस इत्यादी रागांचा विस्तार आपल्या हातांनी केला. येथे कामाची वाटणी पाहा. ठेका व खर्ज यंत्राकडे, राग माणसाकडे. त्यावेळी या ध्वनिमुद्रिकेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पाच वर्षांनी शिकागो शहरातील तरुणांनी त्याच टीबी-३०३ यंत्रावर नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार रूढ केला आणि तो जगभर पसरला. त्या दोहोंतील साम्य लोकांना उमगले ते २०१० साली ही ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर. सत्तरी ओलांडल्यावर चरणजित सिंग यांनी युरोपात जाऊन हे संगीत प्रत्यक्ष वाजविले. २०१५ साली ते वारले. त्यांची मुद्रिका संगीत म्हणून सर्वांना रुचेलच असे नाही. मला स्वतःला त्यातील भैरव फार धावता वाटतो. पण वर्गासाठी वाटणीचा याहून चांगला नमुना मिळणार नाही.

या वाटणीनुसार वर्गात काम कसे चालावे ते आता सांगतो. आरंभ संगणकापासून करू नये. पहिले काही तास पढंतीचे असावेत: मुलांनी टाळी देऊन, खालीला हात बाजूस नेऊन, वर दिलेला कायदा मोठ्याने म्हणावा. जेव्हा वर्ग न अडखळता दुगुनीत म्हणू लागेल, तेव्हा चौकटीची वही काढावी. एका चौकटीत एक बोल, एका ओळीत सोळा चौकटी. प्रत्येक मुलाने दोन ओळींचा स्वतःचा पलटा लिहावा आणि शेजाऱ्याने तो म्हणून दाखवावा. लिहिणाऱ्याने स्वतः म्हणू नये. कारण तो वहीतील चूक तोंडाने सावरून नेतो.

त्यानंतर संगणक. ‘सोनिक पाय’ ही आज्ञावली यासाठी उत्तम आहे. केंब्रिज विद्यापीठात सॅम आरन यांनी २०१२ साली शाळांना डोळ्यांपुढे ठेवूनच ती केली, आणि ती विनामूल्य मिळते. आज्ञा इंग्रजीत लिहाव्या लागतात हे खरे. पण त्या इतक्या थोड्या आहेत की मुलांना त्याची अडचण पडत नाही. ‘प्ले ६०’ म्हणजे साठाव्या क्रमांकाचा स्वर वाजव, ‘स्लीप ०.५’ म्हणजे अर्धी मात्रा थांब, आणि ‘लाइव्ह लूप’ म्हणजे हे आवर्तन फिरवीत राहा. आवर्तन चालू असता त्यात बदल केला व पुन्हा आज्ञा दिली, तर पुढच्या फेरीपासून तो अमलात येतो. वादन थांबत नाही.

या आज्ञावलीच्या ध्वनिकोशात तबल्याचे सुटे आघातही आहेत. त्यात ‘ना’ व ‘घे’ वेगवेगळे मिळतात. ‘धा’ आपण घडवावयाचा. उजव्या हाताचा ‘ना’ आणि डाव्या हाताचा ‘घे’ एकाच क्षणी वाजविले की ‘धा’ होतो. मुलांनी दोन आज्ञा एकाखाली एक लिहिल्या, मध्ये थांबा घातला नाही, की ‘धा’ ऐकू येतो. मग नवव्या मात्रेस ‘घे’ची आज्ञा पुसून टाकावयास सांगावे. खाली म्हणजे काय, हे शब्दांनी समजावता समजावता आपला घसा कोरडा पडतो. येथे ती एक ओळ पुसताच वर्गाच्या कानांना कळते.

यंत्राची मर्यादाही याच वेळी दाखवून द्यावी. भूपाच्या स्वरांचे क्रमांक ६०, ६२, ६४, ६७ व ६९ असे द्यावेत, आणि त्यांतून वाटेल तो स्वर निवड, अशी आज्ञा लिहावी. यंत्र स्वर वाजवू लागते. क्षणभर वाटते की ते गात आहे. मग ते थांबवून पुन्हा चालू करावे. पहिल्या वेळी जे स्वर ज्या क्रमाने आले तेच स्वर त्याच क्रमाने पुन्हा येतात. कारण यंत्राची ‘वाटेल ती’ निवड हीसुद्धा आधी ठरलेल्या आकड्यांवरून होत असते. तो आरंभीचा आकडा बदलता येतो, हे खरे. पण तो बदलावयासही कोणीतरी लागतेच. मुलांना हे स्वतः शोधू द्यावे.

आता मुख्य भाग. संगणक कायद्याचे किंवा साध्या ठेक्याचे आवर्तन फिरवीत राहील. एका मुलाने एक आवर्तन स्वतःच्या मनाने घ्यावयाचे. तोंडाने, बाकावर बोटांनी, ढोलकीवर, पेटीवर, जे ज्याला येते त्यावर. पुढच्या आवर्तनात सर्व वर्गाने मूळ कायदा म्हणावयाचा. मग दुसरे मूल. एक संगणक आणि चाळीस मुले असली तरी तासिकेत वीस जणांची पाळी येऊन जाते.

समेवर परत येण्यासाठी तिहाई शिकवावी. एकच तुकडा तीन वेळा, मध्ये सारखी विश्रांती, आणि शेवटचा आघात नेमका समेवर. त्रितालात समेपासून समेपर्यंत मोजल्यास १७ आघात-जागा होतात. तुकडा पाच मात्रांचा घेतला तर पाच, एक, पाच, एक, पाच मिळून १७. तुकडा तीन मात्रांचा घेतला तर मधली विश्रांती चार-चार मात्रांची ठेवावी लागते. केरव्याच्या आठ मात्रांत जागा ९; तेथे तीन मात्रांचा तुकडा विश्रांतीशिवाय तीनदा बसतो. गणिताच्या तासाला हीच उदाहरणे घातली तर कोणतीही हरकत नाही.

मुलुंडलगतच्या एका शाळेत पाचवीतील एक मुलगा बाकावर बोटांनी वाजवू लागला, तेव्हा कायद्याचे बोल त्याने कोठल्या कोठे सोडून दिले; पण समेवर मात्र तो यंत्राबरोबर अचूक आला. वर्गशिक्षिकेने पुन्हा वाजवावयास सांगितले. पुन्हा तसेच. घरच्या बँजो पथकात तो ताशा वाजवी, हे तेव्हा कळले. त्याने काय वाजविले ते त्यास सांगता येईना. मग बाईंनी सर्व वर्गास चौकटी आखावयास लावल्या आणि त्याच्या बोटांकडे पाहून एकेक आघात मांडून घेतला. पाच, एक, पाच, एक, पाच. तिहाई हा शब्द त्या मुलाने ऐकलेला नव्हता. त्याच शाळेत एका मुलीचा पलटा ‘धी ना’ न घेता संपत होता. संगणकाने तो बिनतक्रार वाजविला. वर्ग मात्र तेथे अडखळला, आणि काय चुकले हे तिच्या शेजारणीने सांगितले. दोन्ही वेळा ऐकण्याचे काम मुलांनी केले, हे मला महत्त्वाचे वाटते.

स्वरांविषयी एक गोष्ट गायन जाणणाऱ्या शिक्षकांच्या लगेच ध्यानात येईल. ६४ क्रमांकाचा गांधार भूपात चढा लागतो. हा दोष संगणकाचाच आहे असे नव्हे. पेटीचाही तोच आहे, आणि त्याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० पासून पुष्कळ वर्षे पेटीला मज्जाव केला होता. फरक असा की पेटीची पट्टी वर्गात बदलता येत नाही, संगणकावर बदलता येते. ६४ च्या जागी ६३.८६ लिहावे; तानपुऱ्याशी जुळणारा गांधार मिळतो. धैवतासाठी ६९ च्या जागी ६८.८४. दोन्ही गांधार एकामागून एक ऐकवावेत आणि कोणता तानपुऱ्यात मिसळतो ते मुलांना विचारावे. दशांश अपूर्णांकाचा दुसरा दशांशही कानाला ऐकू येतो, याचे त्यांना फार नवल वाटते.

काही व्यावहारिक सूचना. बिनतारी ध्वनिक्षेपक, म्हणजे ब्लूटूथ स्पीकर, या कामास घेऊ नये. त्यातून ध्वनी सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग उशिरा येतो. गाणे ऐकताना ते कळत नाही, पण कळ दाबून वाजविणारे मूल हमखास तालातून सुटते आणि दोष त्याच्या माथी येतो. तारेने जोडावयाचा साधा स्पीकर पुरेसा आहे. लय प्रारंभी मिनिटाला साठ मात्रांची ठेवावी. मुले घाई करतील, करू देऊ नये. वीज गेली तर तास थांबवू नये. ठेका धरण्याचे यंत्राचे काम अर्ध्या वर्गाने टाळ्यांनी करावे आणि उरलेल्या अर्ध्याने पलटे म्हणावेत. स्नेहसंमेलनासाठी या तासातील उत्तम पलटे निवडून ते पाठ करवून घेण्याचा मोह होईल. तो आवरावा. रंगमंचावरही पाळ्या ठेवाव्यात आणि मुलांनी तेथे नवेच काही म्हटले, त्यात एखादे चुकले, तरी पालकांपुढे ते चालवून घ्यावे.

ज्या शिक्षकांना संगीताचे शिक्षण नाही त्यांनी या पाठांना भिऊ नये. गावातील भजनी मंडळाचा पखवाजी किंवा बँजो पथकातील एखादा वादक शाळेत बोलवावा. मुलांच्या पलट्यांवर बरोबर की चूक हे सांगण्याचा अधिकार त्याचा. त्याने नाही म्हटले तर का, ते मुलांनी त्यालाच विचारावे. त्याला सांगता आले नाही, तर ते पलटे तसेच जपून ठेवावेत.

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस येताना शिक्षकांनी मुलांच्या चौकटीच्या वह्या सोबत आणाव्यात, खाडाखोड असेल तशा. स्वच्छ करून उतरवून काढण्याची आवश्यकता नाही.